टेकडीवरचा लांडगा

पेठेतल्या बंदुकीच्या दुकानात तवा मी हुते, कडेवर लेक, आमचे हे, थोरले दीर आन् दुकानदार. फटाक्याचा वास आला की अजून आठवतं. लांडगा आमच्या शेळ्या न्यायचा, आन् लेक त्यांच्याच दुधावर हुती. “लांडगा किती लांब असतो?” दुकानदारानं इचारलं. “गोठ्यापाशी येतो की,” दीर म्हणाले. शेळ्या मी राखायची, म्हणून बोलले, “न्हाई, पल्याडच्या टेकडीवर बसतो.” दुकानदार म्हणाला, “मग रायफल आणि तिचीच काडतुसं घ्या. छऱ्यांना तिथवर टांग्यानं पाठवावं लागेल.” दीर हसले, “आता बायका बंदुका निवडणार व्हय?” ह्यांनी मान खाली घातली. छऱ्याचीच बंदूक आली. दिरांनी बार काढला, छर्रे मधल्या ओढ्यातच पडले, लांडगा जागचा हलला न्हाई. थंडीत शेळ्या संपल्या, मागनं लेक गेली. बाबांनो, बंदूक घ्या नायतर बादली, जी रानात जाते तिला आधी इचारा.