बसंतीबाईच्या गळ्यातला आरोपी

आर्णीजवळच्या पळसतांड्याचा नायक प्रेमसिंग राठोड याच्यापुढं आलेलं भांडण निकालाशिवाय परत जात नाही, असं तांड्यात सांगतात. सांगणाऱ्यांत सगळ्यात पुढं स्वतः प्रेमसिंगच असतो, ही गोष्ट वेगळी. कोंबडी कुणाची, शेताच्या बांधाचा धुरा कुणी कोरला, लग्नात कुणाच्या ताटात रस्साच रस्सा आला, सगळ्याची नसाब बसते. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. चिंचेखाली सतरंजी, मधे प्रेमसिंग, बाजूला कारभारी धावजी, आणि दंड ठरलेला: हरणाऱ्यानं तांड्याला बकऱ्याचं जेवण द्यायचं. त्यात प्रेमसिंगनं आपलं एक कलम घातलं होतं. खोटी फिर्याद करणाऱ्यालाही तोच दंड, मग तो नायक का असेना. आपण असं कधी करणार नाही याची त्याला खात्री होती, म्हणून तर घातलं.

हा तांड्याचा न्यायाधीश घरात मात्र शिपाई. हुकूम चालायचा बसंतीबाईचा. तीजेच्या सणाला तिनं पेटीतली चांदीची हासली काढली, तर ती गळ्यात नीट बसेना. चाचपून पाहिलं, तर खाली सुपारीएवढी गाठ. आर्णीच्या डॉक्टरनं सांगितलं, यवतमाळला जा, सुईनं तपासून घ्या, कॅन्सर आहे की नाही ते कळेल. त्या दिवशी प्रेमसिंगला घास गिळवेना. बसंतीबाईनं दोन भाकरी खाल्ल्या आणि निकाल दिला.

"मले काई झालं नाई. रुपीबाईची नजर लागली."

रुपीबाई म्हणजे शेजारीण. "बसंती, तुह्या गळ्याले हासली लई शोभते वं," असं ती तीजेला म्हणाली होती. गुन्हा म्हणायचा तर एवढाच.

"पह्यले नसाब बसवा," बसंतीबाईनं बजावलं. "रुपीच्या तोंडून कबूल होऊ द्या. मंग पाहू तुमची सुई."

प्रेमसिंगची पंचाईत झाली. रुपीबाईवर नजरेचा ठपका ठेवला, तर उद्या तिला कुणी बारशालासुद्धा बोलावणार नाही. न ठेवावा, तर बायको हलत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. तो घाबरला होता. बसंतीशिवाय घर ही कल्पनाच त्याला करवत नव्हती, आणि हे तिला सांगायची त्याची छाती नव्हती.

तेवढ्यात लेक घरी आली. बबिता नागपूरला एका प्रयोगशाळेत कॅन्सरवर संशोधन करत होती. नेमकं काय करते ते बापाला कळत नसे, पण सांगताना तो कधी अडखळत नसे. आल्या आल्या त्यानं तिला गोठ्याकडं नेलं.

"तुह्या शास्त्रात गाठीचा गुन्हेगार कोन असते?"

"बा, असा एक नसते. पन मी ज्याच्यावर काम करून राह्यली ते एक प्रथिन हाय. एचएमजीए-टू."

प्रेमसिंगचे कान टवकारले. दुसऱ्या दिवशी नसाब बसली, आणि फिर्याद खुद्द नायकानंच मांडली.

"आरोपीचं नाव?" धावजीनं विचारलं.

"एचएमजीए-टू."

"गोत कोन्तं?"

"काका, ते प्रथिन हाय."

"म्हंजे आपल्यातला नाई," धावजी म्हणाला, आणि सगळ्यांना जरा हलकं वाटलं.

बबितानं समजावलं. "पेशीच्या मधोमध एक लांब दोरा गुंडाळून, बांधून ठेवला असते. मानूस कसा घडवाचा ते सारं त्याच्यात. पन सारी गाठोडी सदा उघडी नसतात. हे प्रथिन दोऱ्याले चिकटते, त्याले वाकवते अन् बांधलेलं मोकळं करते. आईच्या पोटात लेकराले झपाट्यानं वाढाचं असते, तवाचं हे काम. मंग यानं गप बसाचं. पन बऱ्याच कॅन्सरांत हे पुन्हा जागं झालेलं दिसते. नको ते गाठोडं सोडते, अन् पेशी वाढतच सुटतात."

"म्हंजे लग्नाले आलेला मामा!" मागं बायकांत बसलेली लालीबाई ओरडली. "लगन झालं तरी जात नाई, अन् रोज कढई चढवाले लावते."

सगळ्यांनी वळून धावजीच्या मेव्हण्याकडं पाहिलं. तो दिवाळीपासून मुक्कामाला होता.

"पन मामा एकटा दोषी नाई," बबिता हसू दाबत म्हणाली. "त्याले गप बसवनारे दुसरे असतात. ते ढिले पडले की याचं फावते."

"दोन आरोपी!" धावजीच्या डोळ्यांपुढं दोन बकरे उभे राहिले.

प्रेमसिंगनं हात वर केला. "थांबा. आरोपी हजर नाई. आपल्या नसाबीत कोनाच्या माघारी निकाल लागत नाई. हाय कुठं तो?"

बबितानं आईच्या गळ्याकडं पाहिलं. "असलाच तर तिथं. सुईनं पेशी काढून पाह्यल्याबिगर गाठ कशाची ते कोनी सांगू शकत नाई."

"मंग गाठ तपासून आना. तवरक रुपीबाईबद्दल कोनी शब्द काढाचा नाई."

इतका वेळ तोंडाला पदर लावून बसलेली रुपीबाई ताडकन उठली. "मी बी जातो संगं. माह्यं नाव साफ होऊ द्या!"

सगळा तांडा बसंतीबाईच्या गळ्याकडं पाहत होता. आता नाही म्हणणं म्हणजे आरोपीला घरात लपवणं. "चला मंग," ती फणकारली.

यवतमाळला सुई टोचली तेव्हा तिनं रुपीबाईचा हात असा आवळला की रुपीबाईच ओरडली. काही दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. साधी गाठ, अधूनमधून दाखवत राहा, एवढंच डॉक्टर म्हणाले. तांड्याचा नायक दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. बसंतीबाईला लाज वाटली. "लोक पाहून राह्यले," ती म्हणाली, पण त्याच्या बाजूलाच बसली.

पुन्हा नसाब बसली. धावजीनं घसा साफ केला. "आरोपी काई सापडला नाई. म्हंजे फिर्याद खोटी. फिर्यादी कोन?"

"मी," प्रेमसिंग म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो हरला होता, आणि दात काढून हसत होता.

जेवणाच्या दिवशी बसंतीबाई हासली घालून अंगणात आली. सोनाराकडून तिनं ती जरा फाकवून घेतली होती. पाहते तर नवऱ्यानं दावणीचे दोन बकरे सोडलेले.

"दंड एकाचा हाय. दोन कायले?"

"एक हरल्याचा."

"अन् दुसरा?"

प्रेमसिंग दाव्याशी चाळा करत राहिला. मग एकदम म्हणाला, "तू हायेस याचा."

बसंतीबाईनं पदर खोचला. "मंग मटन मीच रांधतो," ती म्हणाली. "तुमाले मीठ समजत नाई."