कोपर बाहेर राहिलं

"कोपर! आईंचं कोपर बाहेर राहिलं!"

पास्टर एवढ्या जोरात ओरडले की दिवा स्टेशनात थांबलेली गाडी सिग्नल न बघताच सुटली असणार. गच्चीवरची मंडळी एकदम पुढे सरकली. माझा दादा, ज्याचा आवाज शाळेत हजेरीलाही कधी फुटला नव्हता, तोही ओरडायला लागला, "हो हो, मी पाहिलं! डावं कोपर! पुन्हा घ्या!" आणि टाकीत, पास्टरांच्या शेजारी, छातीभर पाण्यात माझी आई उभी होती. सत्तरी ओलांडलेली, डोळे गच्च मिटलेले, पांढरे केस गालांना चिकटलेले, तोंड उघडं. श्वास घ्यावा की किंचाळावं, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

टाकी म्हणजे दादाच्या बिल्डिंगची जुनी काळी प्लास्टिकची टाकी. वरचा भाग करवतीने कापून काढलेला, काठ टोचू नये म्हणून त्यावर रबरी पाइप चिरून बसवलेला. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वाससुद्धा बाहेरच सोडायचा. माणसाला मागे आडवं करून बुडवायला जागाच नाही, म्हणून पास्टर खांद्यावर हात ठेवून खाली बसवत. अंगाचा नखाएवढाही भाग पाण्याबाहेर राहिला तर तो बाप्तिस्मा धरायचा नाही, हा त्यांच्या मंडळीचा नियम. आईने पहिल्या खेपेला घाबरून टाकीच्या काठावर डावं कोपर रोवलं होतं. बाकी सगळी बुडाली, कोपर तेवढं वर राहिलं.

आणि हे सगळं दिव्यात! जिथे हंडाभर पाण्यावरून बायका एकमेकींच्या सात पिढ्या काढतात, तिथे दादाने बाप्तिस्म्यासाठी टँकर मागवलेला. निम्मं पाणी तर बिल्डिंगने नुसतं बघूनच संपवलं असेल. जिन्यात बादल्यांची रांग लागली होती, आणि रांगेत पहिली उभी असलेली खालच्या मजल्यावरची बाई सारखी विचारत होती, "अहो, पाप धुऊन झालं की सांगा. माझी गोधडी भिजवायचीय."

लोक हसत होते. मला हसू येत नव्हतं. मी टाकीला लागून एका उलट्या क्रेटवर टॉवेल घेऊन उभी होते.

आम्ही पिढीजात ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. आई तान्ही असताना गावच्या चर्चमध्ये पाळकांनी तिच्या कपाळावर चिमूटभर पाणी शिंपडलं, ती रडली, झाला बाप्तिस्मा. बाबांचा तसाच, दादाचा तसाच, माझाही तसाच. त्यावर कुणाला कधी शंका आली नाही. बाबा तर शंका घेणाऱ्यांतले नव्हतेच. ठाण्याला एका कंपनीत फिटर होते, वर्तकनगरच्या दोन खोल्यांत आम्हाला वाढवलं. जेवणाआधी प्रार्थना करताना एक डोळा उघडा ठेवत, तो बोंबलावर. चर्चमध्ये इतकं बेसूर गात की पेटीवाला आपलीच पेटी बिघडली असं समजून दोनदा दुरुस्तीला घेऊन गेला. पण देवाशी त्यांचं घरातल्यासारखं होतं. शेवटी हॉस्पिटलमध्ये आईला म्हणाले, "मी पुढे होतो. तू सावकाश आवरून ये." जसं काही कल्याणला लग्नाला जायचंय.

तेव्हापासून आई आवरतच होती. माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आली, आणि मजेत होती. हे पुढे गेलेत, मागून आपण जाऊ, दारात उभे असतील, उशीर का केला म्हणून कुरकुर करतील. एवढाच तिचा विश्वास. त्यात पाण्याचं माप कुठेच नव्हतं.

माप दादाने आणलं. दिव्याला घर घेतलं, तिथे या नव्या मंडळीत जायला लागला, आणि बघता बघता घरातला टीव्ही गेला, वहिनीच्या गळ्यातलं गेलं, पोरांच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या गेल्या. स्वतः टाकीत बुडून आला आणि दुसऱ्या रविवारी माझ्या घरी येऊन म्हणाला, "शिंपडलेला धरत नाहीत."

"कोण धरत नाही?" मी विचारलं.

"वर."

"तुला वरून फोन आलेला?"

"तू चेष्टा कर. शास्त्रात बुडवणं लिहिलंय."

"आणि क्रुसावर प्रभूच्या शेजारी टांगलेला तो चोर? तो तर त्याच दिवशी स्वर्गात गेला. त्याला कुणी बुडवलं?"

दादाने जराही विचार केला नाही. "तो नियम लागू व्हायच्या आधीचा."

मी ठाण्यातल्या आमच्या जुन्या पाळकांना फोन लावून आईच्या कानाला दिला. ते म्हणाले, विश्वासाने तारण होतं, पाण्याच्या लिटरने नाही. आईला बरं वाटलं. दादा म्हणाला, "ते म्हणणारच. त्यांचं दुकानच शिंपडण्याचं आहे." आईचं बरं वाटणं गेलं.

मग दादा पास्टरांना घेऊन आला. मी भांडणाच्या तयारीत होते, पण निघाला एक हडकुळा, गोड बोलणारा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान माणूस. आईच्या पाया पडायला वाकला आणि मध्येच आठवलं म्हणून थांबला. पाया पडणंही नियमात बसत नव्हतं. आईने त्याला चहा दिला. समोर बसली आणि एकच विचारलं, "माझं राहू द्या. ह्यांचं काय?"

पास्टरांनी बशीत बघितलं. "आई, मी काय सांगू? वचन स्पष्ट आहे. शिंपडलेला धरला जात नाही."

"म्हणजे ते आत नाहीत."

"मी असं नाही म्हटलं."

"मग आत आहेत?"

"असंही मला म्हणता येत नाही."

आईने त्याचा रिकामा कप उचलला, धुतला, पुसला, आणि पुन्हा धुतला.

मी काही भित्री बाई नाही. डोंबिवलीत रिक्षावाल्याला मीटर टाकायला लावलेली मी बहुधा एकटीच. पण त्या दिवसापासून भीती माझ्या पोटात भाडेकरूसारखी येऊन बसली, आणि आमच्याकडे भाडेकरू सहज निघत नाहीत. पोळी लाटताना, ऑफिसात, कुठेही एकदम मनात यायचं: समजा त्यांचंच खरं असेल तर? समजा बाबा त्या एक डोळा उघड्या ठेवलेल्या प्रार्थनेसकट कुठल्या तरी दाराबाहेर उभे असतील, आत घेत नाहीत म्हणून? देव असा नाही, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि भीती न वाटणं ह्या दोन वेगळ्या खोल्या आहेत, आणि मधे दार नाही.

आणि आईने ठरवलं, बुडायचं.

आता आईचं आणि पाण्याचं वैर सांगते. लहानपणी ती गावच्या विहिरीत पडलेली. तिच्या मावशीने वेणीला धरून वर काढली, म्हणून वाचली. मावशीने एवढ्या जोरात ओढलं की आईची मान तेव्हापासून दोन बोटं लांब आहे, असं बाबा म्हणत. तेव्हापासून आईने तोंडावर कधी तांब्या घेतला नाही. ओल्या फडक्याने तोंड पुसायची. डोकं धुताना मागे वाकायची. शॉवर बघितला की बाथरूममधून बाहेर. त्यात छातीत दोन स्प्रिंगा टाकलेल्या. ते मी पास्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "प्रभू सांभाळेल, ताई." मग जरा थांबून, "पण डॉक्टरांना एकदा विचारून घ्याल ना?"

"आई, कशाला?" मी म्हटलं. "तुला जमणार नाही."

ती भाजी निवडत होती. "मी आत गेले की ह्यांच्यासाठी बोलता येईल. बाहेरच्याचं कोण ऐकतं? रेशनच्या ऑफिसात बघितलंस ना. आतला माणूस लागतो."

म्हणजे ती स्वतःसाठी बुडतच नव्हती. नवऱ्याची शिफारस करायला निघाली होती, विहिरीत पडलेली बाई.

तर गच्ची. कोपर. "पुन्हा घ्या!"

"पुरे झालं," मी म्हटलं. "एवढी भिजली, तेवढं कोपर देव समजून घेईल."

"अगं, मधे बोलू नकोस," दादा म्हणाला. त्याचाही चेहरा पांढरा पडला होता. त्याला आई हवी होती. तिकडेही हवी होती. एवढंच होतं त्याचं, बाकी सगळा नियम.

आई म्हणाली, "घ्या पुन्हा." डोळे न उघडता म्हणाली, आणि चाचपडत काठाऐवजी माझा हात धरला.

पास्टरांनी पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि तिला खाली बसवलं. पाणी डोक्यावर मिटलं. केस पसरले, नुसते पांढरे केस, त्यांच्याखाली माणूस आहे असं वाटेना. जिन्यातल्या बादल्या गप्प झाल्या. पास्टर ओरडले, "ताई, हात सोडा! हात आत जाऊ द्या!" दादा ओरडला, "सोड!" आता कोणी कोणाला धरलं होतं, हे दादा एक सांगतो आणि मी एक सांगते. मला एवढंच आठवतं की तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती, आणि मग एकदम रुतेनाशी झाली.

मी दोन्ही हातांनी ओढलं. वेणी असती तर वेणीने ओढलं असतं.

ती वर आली ती जांभूळ खाल्ल्यासारखे ओठ घेऊन. श्वास नाही. मला वाटलं, झालं, ही आवरून निघाली. मी ओरडले म्हणतात. मला ते ऐकू आलं नाही. मग तिला ठसका लागला, नाकातोंडातून पाणी आलं, आणि तिने जो श्वास ओढला तो मला अजून ऐकू येतो.

गच्चीवर कुणी आमेन म्हटलं नाही. त्या शांततेत पास्टर अगदी हळू म्हणाले, "हात राहिला." त्यांचे दात वाजत होते, भर मे महिन्यात. "ताई, मला रागावू नका. मला एकेकाचा जाब द्यायचाय वर. मी हे चालवून घेतलं आणि ह्या वर दारात अडकल्या, तर?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्या टाकीत दोन घाबरलेली माणसं उभी होती, आणि आई त्यातली कमी घाबरलेली होती.

आम्ही तिला बाहेर काढलं. खालच्या बाईने बादली ठेवली, आपल्या घरातली कोरडी चादर आणून आईला गुंडाळली, आणि पास्टरांकडे असं बघितलं की ते टाकीत आणखी वीतभर खाली गेले. गोधडीचं पाणी ती विसरलीच.

दादाच्या घरी आई पंख्याखाली बसली. हातात चहा, ओठांना रंग येत चाललेला. पास्टर दारातच उभे राहिले, सदऱ्यातून पाणी गळत होतं. दादा आईच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळत होता आणि रडत होता.

"आई," पास्टर म्हणाले, "पुढच्या रविवारी पुन्हा करू. मोठं पाणी बघू कुठेतरी. मी नीट धरेन तुम्हाला. पण हा असा, हात बाहेर राहिलेला, हा धरला जाणार नाही."

आईने चहाचा घोट घेतला.

"नका धरू," ती म्हणाली. "ह्यांचाही नाही धरलेला."