बाबांची कुलूप लावलेली ट्रंक

परवा बाबांचं वर्षश्राद्ध झालं, आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "फार सरळ माणूस." मी मान हलवत होते... आणि मला तो महिना आठवत होता, जेव्हा मला खात्री होती की माझे बाबा चोर आहेत.

मी तेव्हा दहावीत. आई सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये, म्हणून आर. के. पुरमचं क्वार्टर. बाबा एका कारखान्यात पॅटर्नमेकर.

म्हणजे लोखंडाचा पार्ट ओतण्याआधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, तो वाळूत दाबून साचा तयार करतात. तो नमुना, म्हणजे पॅटर्न, बाबा हाताने घडवायचे. रविवारी त्याच हातांनी आईला पोळ्या लाटून द्यायचे आणि माझ्या दोन वेण्या घालायचे... दोन्ही अगदी एका मापाच्या.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कंपनीला परदेशी पार्टनर मिळाला आणि कारखाना ओखल्याहून दिल्लीबाहेर मानेसरला गेला. गळ्यात आयकार्ड, न्यायला-आणायला कंपनीची बस, आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन्स.

त्याच सुमारास बाबा बदलले. बस सोडून शेअर ऑटोने उशिरा यायला लागले. खांद्यावर जड झोळा. आल्या आल्या चहा मागणारा माणूस थेट आतल्या खोलीत जायचा, आणि मग ट्रंकेचं झाकण वाजायचं.

त्या ट्रंकेला आजवर कधी कुलूप नव्हतं. आता होतं.

"काय आणलंत हो?" आईने विचारलं की, "काही नाही, जुनं सामान." आईचा चेहरा मला दिसत होता. आमची आई ऑफिसची टाचणीसुद्धा घरी न आणणारी...

एकदा बाबा आंघोळीला गेले असताना मी त्यांच्या शर्टाच्या खिशातून किल्ली काढली. ट्रंकेत आईच्या जुन्या साड्यांत गुंडाळलेले लाकडी पॅटर्न होते, अकरा. प्रत्येकावर कंपनीचा पितळी बिल्ला आणि नंबर.

मी झाकण लावलं. कुणालाच काही बोलले नाही. पण त्यानंतर बाबा वेणी घालायला बोलवायचे तेव्हा मी म्हणायचे, "माझी मी घालते."

मग एका रविवारी बाबांबरोबर काम करणारे त्यागीजी आले. चहा घेता घेता म्हणाले, "भाभीजी, फैक्ट्री से माल ग़ायब हो रहा है. स्टोअर की लिस्ट में ग्यारह पीस कम हैं. सफ़ाईवाले रामसरन पर शक है... कल निकाल देंगे."

बाबांनी कप खाली ठेवला. मग त्यागीजींना दारापर्यंत सोडायला गेले.

दार लागल्याबरोबर मी म्हणाले, "बाबा, ट्रंकेतलं सामान कंपनीचं आहे?"

"हो."

"विचारून आणलंत?"

"नाही, मनू."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबांनी स्वतः ट्रंक उघडली आणि एकेक पॅटर्न जमिनीवर मांडला.

"जाळतायत गं. आता मेटलचे पॅटर्न मशीनवर होतात, म्हणून हे लिस्ट करून, मोजून कँटीनच्या भट्टीत घालतात. हा इक्बालभाईंचा... चार महिने लागले होते. हा आमच्या सावंत मास्तरांचा. मास्तर गेले, हा तरी राहील म्हटलं."

"आणि रामसरन?" आईने विचारलं.

"त्याचं नाव येईल असं ध्यानीमनी नव्हतं." बाबांनी पॅटर्न पुन्हा साडीत गुंडाळायला घेतला. "उद्या परत नेतो."

"परत नेले तर जाळतील," मी म्हणाले.

"जाळतील."

सोमवारी एक झोळा त्यांनी घेतला, एक मी. मी त्यांना धौला कुआंच्या बस स्टॉपपर्यंत सोडायला गेले. कंपनीच्या बसमधले लोक आमच्या झोळ्यांकडे बघत होते... बाबा मान खाली न घालता चढले.

संध्याकाळी घरी आले. रामसरनची नोकरी वाचली होती. बाबांना लेखी वॉर्निंग मिळाली आणि पॅटर्न शॉपमधून, म्हणजे नमुने घडवायच्या विभागातून, उचलून पॅकिंगला टाकलं.

"आणि पॅटर्न?" मी विचारलं.

ते हात धुवून ताटावर बसले. पोळीचा एक तुकडा मोडला. मग म्हणाले, "सागवान चांगलं जळतं."

पुढच्या रविवारी माझी एक कोरी वही मागून घेतली आणि दिवसभर लिहीत बसले. अकरा पॅटर्न. कुठल्या पार्टचा, कुठलं लाकूड, किती दिवस लागले, कुणी केला. इक्बालभाई, सावंत मास्तर, अजून चौघं. अकरांपैकी उरलेले पाच बाबांचे स्वतःचे होते. त्यांच्यापुढे नाव नाही... फक्त 'पॅटर्न शॉप'.

ती वही माझ्याकडे आहे. परवा सगळे गेल्यावर काढून वाचली.

बाबा, तुमच्यावर संशय घेतला त्याची मी कधी माफी मागितली नाही. कशी मागणार, संशय खराच निघाला होता... पण मी विचारलं तेव्हा तुम्ही खोटं बोलला नाहीत. त्याबद्दल थँक्यू म्हणायचं मात्र राहूनच गेलं.