दाबलेला खोकला

देवानं मला पाठवताना जीभ जरा जास्तच दिली, असं आई म्हणायची. माहेरी माझं तोंड जात्यासारखं फिरत असे. शेजारणी म्हणायच्या, हिला घरात आणणाऱ्याची काही खैर नाही. मग पेडगावच्या बाजूला, मेंढरं राखणाऱ्या घरात माझं लग्न झालं आणि त्या जिभेला कुलूप बसलं.

घराची रीतच तशी होती. सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही. त्यांच्या अंगाला हात लागणं तर लांबच. ते दारात आले की आधी खोकायचे. आजारपणाचा खोकला नव्हे तो. मी आलोय, आडोशाला व्हा, एवढाच त्याचा अर्थ. तो ऐकू आला की मी पदर नाकापर्यंत ओढून चुलीमागं. अशी दोनेक वर्षं गेली. पदराखालून दिसायची ती त्यांची पावलं. चेहरा म्हणाल तर मी त्यांचा नीट पाहिलाच नव्हता.

आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा फ्लूची साथ आली. घरोघरी माणसं आडवी झाली. बहुतेक चार-आठ दिवस कण्हून उठली. सासऱ्यांचा ताप मात्र डोक्यात गेला, ते बरळायला लागले. घरातले पुरुष मेंढरं घेऊन गोदावरीकडं गेलेले. शेवटी सासूबाई आणि मी त्यांना शेजाऱ्याच्या गाडीत घालून परभणीच्या एका दवाखान्यात घेऊन आलो.

तिथं त्यांचा ताप उतरला. शुद्ध आली, भाकरीचा तुकडा मागितला. आम्ही घरी जायच्या गोष्टी बोलायला लागलो, तोवर सासूबाईंनाच हुडहुडी भरली. त्यांना बायकांच्या खोलीत खाट मिळाली आणि पुरुषांच्या वॉर्डात सासऱ्यांपाशी उरले मी एकटी.

त्याच सुमाराला सासऱ्यांचा ताप पुन्हा चढला. आधीपेक्षा वाईट. श्वास भात्यासारखा चालू झाला, ओठ निळसर दिसायला लागले. डॉक्टरांनी पेनिसिलिन सुरू केलं. त्या काळी त्या इंजेक्शनचं केवढं नाव! दंडात सुई गेली म्हणजे माणूस उठलाच, असं लोक धरून चालत. सासऱ्यांना सुया टोचत राहिले आणि ते खालीच जात राहिले. पलीकडच्या खाटेवर सेलूच्या कापसाच्या जिनातला एक हमाल होता. त्याचंही असंच झालेलं, आधी फ्लू, मग छाती. एका सकाळी त्याच्या बायकोनं हंबरडा फोडला.

डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. त्यांनी मला दारात बोलावलं. मी पदराआडून ऐकत होते.

"फ्लू केव्हाच सरला," ते म्हणाले. "फ्लूनं छाती आतून सोलून ठेवली आणि त्या सोललेल्या जागेवर दुसराच जंतू येऊन बसला. तो बहुतेक इथला, दवाखान्यातलाच आहे. मार खाऊन खाऊन एखादं पोर कोडगं होतं ना? तसा हा जंतू पेनिसिलिनला कोडगा झालाय. नवीन जातीचं औषध आहे, त्यासाठी हैदराबादला माणूस पाठवलाय."

राज्य बदललं तरी अवघड औषध हैदराबादहूनच यायचं. रेल्वेनं यायला किती वेळ लागणार, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तोवर एकच करायचं," डॉक्टर म्हणाले. "छातीतला बेडका बाहेर पडला पाहिजे. त्यांना उठवून बसवा. हाताची ओंजळ करून पाठीवर खालून वर थापट्या मारा आणि खोकायला लावा. ते खोकतच नाहीत. आत साचलं तर औषध येऊनही उपयोग नाही. आणि दर वेळी हात साबणानं धुवायचे."

मी मान हलवली. पण मनात म्हटलं, मी? मामांच्या पाठीवर?

खाटेपाशी आले. सासऱ्यांची मान ताणलेली, शिरा टरारलेल्या, डोळ्यांत पाणी. छातीत घरघर चाललेली आणि तोंडात फेट्याचं टोक कोंबलेलं. खोकला आला की ते तो असा गिळत होते. एकदा मात्र त्यांच्यानं राहवलं नाही, बारीकसा खोकला निसटला. आणि मी काय करावं? सवयीनं पदर ओढला आणि सरळ दाराबाहेर जाऊन उन्हात उभी राहिले! पायांना दोन वर्षांचं वळण. बाहेर भिंतीला टेकले आणि मग माझ्या ध्यानात आलं की हे कालपासून असंच चाललंय. ते खोकले की मी बाहेर. मी बाहेर गेले की ते पुढचा खोकला दाबणार, सुनेला उन्हात उभं राहायला लागू नये म्हणून. आम्ही दोघंही घराची रीत पाळत होतो आणि त्यापायी तो माणूस मरायला टेकला होता.

मला माझाच इतका राग आला की तोंड पुढं झालं, अक्कल मागून आली.

आत गेले, त्यांच्या तोंडातलं फेट्याचं टोक ओढून काढलं आणि म्हणाले, "मामा, खोका."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं. आणखी कोण आलंय, ते शोधत होते.

"म्याच बोलले, मामा. खोका आता. म्या कुठं जायची न्हाई."

"आगं," ते धापेतच म्हणाले, "तुला बोलता येतंय?"

त्या धक्क्यानंच की काय, खोकल्याची अशी उबळ आली की खाट हलली. मी त्यांना बसतं केलं, डोळे मिटले आणि पाठीवर हात मारला. पहिली थापटी इतकी हळू की माशीसुद्धा उठली नसती. मग मारत गेले. खाटेखालच्या गाडग्यात पिवळा, रक्ताची रेष असलेला बेडका पडला. तो बघून मला जो आनंद झाला तो सांगितला तर लोक हसतील.

दम खाऊन ते म्हणाले, "म्या समजत व्हतो सून मुकी हाय. सोयरिकीत आपल्याला फशिवलं. तुज्या सासूला म्हनलो बी, गरीब पोर हाय, तिच्यावर वरडत जाऊ नको."

आता कळलं, सासूबाई माझ्याशी कधी चढ्या आवाजात का बोलल्या नाहीत ते. मला हसू आलं आणि रडूही आलं. मुकी म्हणून का होईना, या माणसानं पदराआडची सून जपली होती.

मग औषधाची वाट बघणं सुरू झालं. ते झोपेत बुडायला लागले की श्वास उथळ व्हायचा, म्हणून मी त्यांना बोलण्यात गुंतवायचे. आणि बोलायला काय, दोन वर्षांचं साठलेलं होतं! माहेरच्या कळपातली एकेक मेंढी सांगून झाली. एक काळी मेंढी होती. ती गावातल्या एका लग्नात मांडवात शिरली आणि तिनं ताटात ठेवलेल्या नवरदेवाच्या मुंडावळ्या खाल्ल्या.

"मेंढरू आसं करत न्हाई," सासरे डोळे मिटूनच म्हणाले. "ती शेळी आसंल."

"मेंढीच व्हती, मामा."

"शेळी. जलम गेला माजा मेंढरांत."

"तुमी व्हता का तिथं?"

त्यावर ते हसले, हसताना खोकले आणि गाडग्यात आणखी थोडं पडलं. मी हात धुवून परत आले की पुन्हा तोच वाद. शेळी की मेंढी. माझ्या वडिलांशीसुद्धा मी कधी अशी भांडले नव्हते. त्या माणसाचा मला लळा लागला, आणि लागला तो असा की दारात पाऊल वाजलं की वाटायचं, औषध आलं. नसायचं. तोवर यांचं काही झालं तर, या भीतीनं मी त्यांच्या श्वासाकडं कान लावून बसायचे.

शेवटी औषध आलं. कॅप्सुली होत्या, मक्याच्या दाण्यासारख्या पिवळ्या. लगेच काही घडलं नाही. डॉक्टर येत, छाती ऐकत, पुढच्या खाटेकडं जात. मग एका सकाळी मी पाठीला हात लावला तर पाठ ओली होती. घाम सुटला होता. डॉक्टरांनी थर्मामीटर दोनदा बघितला आणि माझ्याकडं बघून मान डोलावली. ओठांना रंग आला होता. सासऱ्यांनी दूध मागितलं आणि ते पिऊन म्हणाले, "त्या शेळीचं पुढं काय झालं?"

मी पाठीवर थापट्या मारत सांगायला लागले, इतक्यात दारात सासूबाई उभ्या दिसल्या. भिंतीला धरून चालत आलेल्या. अंगात ताकद नव्हती, पण नजर होती. माझा पदर खांद्यावर, हात त्यांच्या नवऱ्याच्या पाठीवर आणि तोंड चालू.

मी हात काढला. पदर नाकापर्यंत आला आणि मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. आता पुन्हा कुलूप, एवढंच मला कळत होतं.

"सांग की," सासरे म्हणाले.

मी पदर आणखी खाली ओढला.

"आगं सांग. त्या मेंढीचं पुढं काय झालं?"

मेंढीचं म्हणाले ते.

मग पाय आखडून त्यांनी खाटेवर जागा केली आणि सासूबाईंना म्हणाले, "तू बस हितं." त्या माझ्याकडं बघत हळूहळू टेकल्या. मी भिंतीकडं तोंड करूनच बोलायला लागले. माझं बोलणं भिंतीलाच ऐकू जात होतं.

"मोठ्यानं बोल, पोरी," सासरे म्हणाले. "तिला बी आइकू येऊ दे."