पाठीमागच्या नाड्या

धाराशिवला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि आमच्या हौशी नाटकमंडळाचा कपडेपट गेली कितीतरी वर्षं माझ्या गळ्यात आहे. गळ्यात म्हणते खरी, पण कुणी काढून घ्यायला आलं तर मी भांडेन. हल्ली कुठल्याही गावचा प्रयोग ठरला की मी आधी एकच विचारते, लोक कुठं बसणार? आमच्या दिग्दर्शकांना स्टेजची लांबी-रुंदी सांगायची असते, म्हणून ते वैतागतात. वैतागू देत. ही सवय मला माकणी गावानं लावली.

तोवर माझा पक्का समज होता की नाटकाच्या कपड्याला पुढची बाजू तेवढी असते. शहरातल्या नाट्यगृहात ते खरंही आहे. प्रेक्षक समोर, दिवे समोर, नटांची तोंडंही समोर. मागं पिना लावा, ठिगळ जोडा, बघतंय कोण? त्या वर्षीच्या नाटकात आमच्या नायिकेला कधी म्हातारी व्हायचं होतं, कधी नवी नवरी, आणि मध्ये वेळ जेमतेम मिनिटभराचा. मी दोन लुगडी कापून ब्लाउजसकट अंगात घालता येतील अशी शिवली आणि दोन्हींना पाठीमागून नाड्या लावल्या. आत नवरीचं पिवळं, वरून म्हातारीचं काळपट. नाडी ओढली की म्हातारी गळून पडायची आणि नवरी उभी राहायची. धाराशिवच्या प्रयोगात त्या बदलाला टाळ्या पडल्या. पुढचे आठ दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग माकणीचं बोलावणं आलं. माकणी म्हणजे आमच्या नायिकेचं माहेर. ती शाळेत शिकवते. नाटकात काम करायला लागल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, तिचे वडील तिच्याशी बोलत नव्हते. भांडण नाही, माहेरी यायला बंदी नाही, फक्त बोलणं बंद. तिचा फोन आला की न बोलता आईच्या हातात द्यायचे. पण गावानंच मंडळाला बोलावलं म्हटल्यावर ते खेळाला येणार, असं आईनं कळवलं होतं.

दुपारी पोचलो आणि आधी जागा बघायला गेलो. मारुतीच्या देवळापुढचं उघडं पटांगण. स्टेज नाही, पडदा नाही. लाईटचा भरवसा नाही म्हणून खेळ उन्हं कलल्यावर, उजेड असेतोवर उरकायचा. समोर बायका आणि पोरं बसणार, दोन्ही बाजूंना पुरुष, आणि मागं देवळाचा उंच ओटा. त्या ओट्यावर गावची वडीलधारी माणसं बसतात. दिग्दर्शकांनी त्यांना समोर येऊन बसायची विनंती केली. त्यांनी आदरानं ऐकून घेतली आणि कुणी जागचं हललं नाही. ओट्याकडे तोंड करून खेळ करावा, तर सगळ्या बायकांकडे पाठ. कुणाकडे तरी पाठ होणारच होती.

नायिकेनं ओट्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "ताई, अप्पा तिथं बसतील. ज्या नाटकापायी ते माझ्याशी बोलत नाहीत, त्या नाटकातल्या ह्या नाड्याच बघतील."

तिनं मला दोष दिला नाही, त्याचाच मला राग आला. मी आधी दिग्दर्शकांवर उखडले, मग ओट्यावर. खरं तर चूक माझी होती. गाव कसं बसतं, हे मी विचारलंच नव्हतं.

शेजारच्या शाळेत आम्हाला एक खोली दिली होती. तिथं मी शिवण उसवायला बसले, पण कापलेलं लुगडं कितीही उसवलं तरी अखंड होत नाही. जवळच राहणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आमच्यासाठी चहा घेऊन आल्या होत्या. काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी तोडूनच सांगितलं की हिला म्हातारी करायचीय, नवरीही करायचीय आणि वेळ नाही. त्यांनी किटली खाली ठेवली. डोईवरचा पदर कपाळाखाली ओढला, मान घातली, खांदे आवळले. "नवी आले तवा पदर हितवर हुता," त्या म्हणाल्या. मग तोच पदर मागं सारून दोन्ही खांद्यांवरून घेतला, पाठीवर सारखा केला, टोक कमरेला खोचलं. "आता ह्यो असा. लुगडं तर तेच हाय की."

मी हातातली कात्री ठेवून दिली. इतकी वर्षं मी कपडे बदलत होते, आणि वय कशानं दिसतं ते ह्या बाईंनी मला उभ्या उभ्या शिकवलं. घरी जाऊन त्या आपलं जांभळं इरकल लुगडं घेऊन आल्या आणि आपल्या हातानं ते नायिकेला नेसवलं. मी नुसती बघत होते.

खेळ सुरू झाल्यावर मी मुद्दाम ओट्याच्या पायरीशी जाऊन बसले. तिच्या वडिलांना जे दिसणार होतं, ते मला बघायचं होतं. बायकांकडे तोंड करून ती पाटावर बसली होती. पाठीवर पदर नीट, निऱ्या चापून खोचलेल्या. ती सगळ्यांदेखत पदर ओढून नवरी झाली, तेव्हा समोरच्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. मी मान वर करून बघितलं. अप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते, हललेही नव्हते.

त्या बाईंनी लुगडं परत घेतलं नाही. तुमचे खेळ सरस्तोवर ऱ्हाऊ द्या म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले. कपडेपटातलं जे काही मला येतं, त्यातलं सगळ्यात मोलाचं त्यांनी दिलेलं आहे, आणि ते मी कुणालाही सांगते.

खेळ संपल्यावर नायिका रंग न पुसताच ओट्यापाशी गेली. मीही तिच्या मागं जाऊन उभी राहिले. अप्पा एकेक पायरी उतरून तिच्यापुढं आले.

"मला निस्ती पाठच दिसली," ते म्हणाले. "तोंड बघायचं ऱ्हायलं. पुढला खेळ कुठं हाय?"

मीच सांगितलं, भूमला. भूम म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. त्यांनी मान हलवली.

भूमला आम्ही सामान घेऊन सभागृहात शिरलो, तेव्हा खुर्च्यासुद्धा मांडून झाल्या नव्हत्या. दोन एसट्या बदलून आलेले अप्पा पहिली खुर्ची स्वतःच उचलून, अगदी स्टेजसमोर मधोमध ठेवून बसले होते.