सरांची दुसरी पाणपोई

आमच्या सरांना कुठलीही कल्पना सांगितली, की ते आधी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि मग विचारायचे, "तहान कोणाले लागली?" एवढंच. पुढे बोलायची सोयच नसे. राळेगावच्या बसस्टँडसमोर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि त्या एका प्रश्नाने तिथे आमच्या कितीतरी कल्पना जागच्या जागी गेल्या.

गावात त्यांना पाणपोईवाले सर म्हणत. होळी झाली की क्लासच्या दारात कडुनिंबाखाली ते दोन रांजण मांडायचे, त्यांना लाल फडकं गुंडाळायचे, आत वाळा टाकायचे. पाणी स्वतः भरायचे. रोज सकाळी उरलेलं शिळं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायचं, रांजण धुवायचा, मग नवं. दुसऱ्या पाणपोयांवर अमक्याच्या स्मरणार्थ असा फलक असतो, सरांच्या पाणपोईवर काहीच नसे. कुणी विचारलं तर म्हणत, "पाणी पिणाऱ्याले नावाचं काय करा लागते?" राळेगावचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला या माणसाची किंमत मी वेगळी सांगायला नको.

आम्ही चार-पाच जण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. पुण्यात नोकरी हवी तर स्वतःचं एखादं ओपन सोर्स काम दाखवावं लागतं, असं कुणीतरी आमच्या डोक्यात भरवलं होतं. म्हणजे असा प्रोग्राम, की ज्याची आतली सगळी मांडणी जगाला उघडी. कुणीही फुकट वापरावा, कुणीही त्यात भर घालावी. आम्हाला हवी होती नोकरी. सरांचं कारण वेगळं होतं. त्यांचा सगळा क्लास अशाच फुकटच्या प्रोग्रामांवर चालायचा, कुठल्या कुठल्या देशातल्या अनोळखी लोकांनी लिहिलेल्या. ते म्हणाले, "जिंदगीभर दुसऱ्याच्या रांजणातलं पाणी पेलो. मराच्या आंधी एक रांजण आपलाबी पायजे." हे ते हसत म्हणाले, पण ती गंमत नव्हती.

मग दर रविवारी आमची बैठक. आमच्यातल्या प्रवीणने कामांची यादी ठेवणारा प्रोग्राम सुचवला. सर म्हणाले, "तुया मायले इचार, थे कामं कुठं लिहून ठेवते." मी हवामानाचं काढलं, तर त्यांनी मला हाताला धरून दारात नेलं आणि आभाळ दाखवलं. एकाने कॅल्क्युलेटर म्हटल्याबरोबर त्यांनी टेबलाच्या खणातून कॅल्क्युलेटर काढून त्याच्यासमोर ठेवला. शेवटी वैतागून त्यांनी आम्हाला स्टँडवर पाठवलं. "बसा तिथं. लोकं घडीघडी कोणता प्रश्न इचारतेत, थो घिऊन या." आम्ही भाजलेल्या शेंगा खाऊन परत आलो.

प्रश्न शेवटी फोनवर आला, तोही माझ्याच. आमचं शेत तांड्याच्या खालच्या अंगाला आहे. शेतीच्या पंपाची लाईन, म्हणजे वीज, कुठल्या वारी दिवसा आणि कुठल्या वारी रात्री, हे आठवड्याआठवड्याला बदलतं. त्याच्या वेळापत्रकाचा फोटो मोबाईलवर फिरत फिरत येतो, तोवर त्यातलं अक्षर ओळखू येत नाही. बैठक चालू असताना बाबांचा फोन आला, "बाई, या हप्त्यात लाईन कधी हाय वं?" मी फोन ठेवला, पुन्हा वाजला, या वेळी काकांचा. सरांनी चष्मा पुसला नाही. म्हणाले, "घ्या. तहान फोन करून राह्यली."

आम्ही ते बनवलं, अर्धंअधिक सरांनीच. गाव निवडायचं, की या आठवड्यात लाईन कधी ते मोठ्या अक्षरात दिसायचं. बस. ज्या दिवशी बाबांनी फोन न करता बरोबर वेळेला पंप सुरू केला, त्या दिवशी सरांनी सगळ्यांसाठी आलुबोंडे मागवले आणि स्वतः एकही खाल्ला नाही, नुसते मोबाईलकडे बघत राहिले. कुणी भेटलं की ते सांगायचे, "ही माई दुसरी पाणपोई." पानाच्या वरती त्यांनी लिहिलं होतं, हे सगळ्यांचं आहे, कुणीही माहिती भरा. नाव कुणाचंच नाही.

त्याच कामाच्या जोरावर आम्हा सगळ्यांना पुण्यात नोकऱ्या लागल्या. मुलाखतीत साहेब लोक फार खूश झाले. सरांनी एकेकाला स्टँडवर आणून सोडलं. पण पुण्यात बसून राळेगावची लाईन कळत नाही. दर रविवारी सबस्टेशनच्या फाटकावर जाऊन ऑपरेटरला विचारणारे, गावोगावच्या वेळा भरणारे सर एकटे उरले.

मग त्यांचं दुखणं निघालं आणि नागपूरच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. मी दिवाळीला गेले तेव्हा त्यांनी लाईनमन गजूभाऊंना क्लासात बोलावलं होतं. गजूभाऊंना सगळ्या वेळा तोंडपाठ, मोबाईलही चांगला चालवता येतो. सर म्हणाले, "गजूभाऊ, आता तुमीच भरत जा." गजूभाऊंनी हात जोडले. "नाई सर. तुमच्या पुण्याईचं काम हाय थे. दुसऱ्याच्या रांजणात आपुन कायले हात घालाव?"

"अरे बाप्पा, सगळ्याईचं हाय म्हणून लिहेल हाय ना तिथं."

"लिहेल असन. पण मांडली तर तुमीच ना."

मला हसू आलं. आणखी दोघातिघांना विचारून झालं होतं. सगळ्यांनी असेच हात जोडले होते. लोक रोज वापरत होते, सरांना दुवा देत होते, आणि आत बोट लावायला कुणी तयार नव्हतं. आमच्याकडे पाणपोईचा मान असाच राखतात. ज्याची त्याने भरायची, बाकीच्यांनी प्यायचं. गजूभाऊ गेल्यावर सर म्हणाले, "चूक माईच हाय. मीच सगळ्याईले पाणपोई म्हणून सांगतलं." मग माझं हसू गेलं.

पुढे एका आठवड्यात ते नागपूरहून लवकर परतू शकले नाहीत. जुनीच वेळ तशीच दिसत राहिली. एक शेतकरी ती बघून ओलितासाठी मजूर घेऊन शेतावर गेला आणि दिवसभर बिनलाईनीच्या विहिरीवर बसून राहिला. तो भांडला नाही. सर आल्यावर क्लासात येऊन एवढंच म्हणाला, "मानसं बसून राह्यले सर." त्याच दुपारी सरांनी सगळ्या गावांच्या वेळा पुसून टाकल्या. मी फोनवर कळवळून विचारलं, काहून सर? "शिळं पाणी ठेवाचं नाई," ते म्हणाले. पान कोरं झालं. वरची ती ओळ राहिली, आणि खाली त्यांचीच आणखी एक, काही अडलं तर इथे लिहा.

होळीच्या आधी सर गेले. त्या उन्हाळ्यात मी राळेगावला उतरले तेव्हा क्लासच्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान होतं. कडुनिंबाखाली दोन्ही रांजण पालथे घालून नीट ठेवलेले. कुणी ते हलवले नव्हते, फोडले नव्हते, भरलेही नव्हते. मी तिथे उभी राहून रडले, दुकानातला माणूस बघत होता.

परवा ऑफिसातल्या नव्या मुलीने विचारलं, पहिल्या ओपन सोर्स कामाला काहीतरी कल्पना सुचवा ना. तिला दाखवायला म्हणून मी आमचं जुनं पान उघडलं. सरांच्या ओळीखाली एक प्रश्न येऊन पडला होता. फुलसावंगीहून कुणीतरी लिहिलं होतं. ते गाव आमच्या यादीत कधी नव्हतंच. इतक्या लांब हे कसं पोचलं, कोण जाणे. सर असते तर त्यांनी पुन्हा आलुबोंडे मागवले असते. लिहिलं होतं, "सर, आमच्या इकडं या हप्त्यात लाईन कधी हाय?"

मला माहीत नाही. तिथे माझ्या ओळखीचं कुणी नाही. प्रश्नाच्या खाली 'बंद करा' असं एक बटण असतं, ते दाबलं की प्रश्न मिटला असं धरतात. ते दाबायला माझा हात होत नाही.