मुळं न धुता

माती चाखून तिचं शेत ओळखणारा एकच माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. करडीला माझी मुलगी दिली आहे, तिचे हे सासरे. ढेकूळ दिसलं की प्रसादासारखा कण जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. सोयरिकीच्या बैठकीलाही त्यांनी आधी आमच्या तुळशीतली माती चाखली, माझ्याकडे जरा पाहिलं, मग चहा घेतला.

त्यांच्या जमिनीतली गिट्टीची खदान बंद पडली तेव्हा गाव म्हणालं, खड्डा आहे, राहू द्या. त्यांनी तलावाचा गाळ आणून तिथं धानाची खाचरं, आमच्याकडच्या बांध्या, पाडायला घेतल्या. एक उभी कड तेवढी सोडली, कारण तिच्यात वेड्या राघूंची बिळं होती. "ते आधी आले, धान मागून," म्हणाले. टिटवीनं वाटेत अंडी घातली तर आपल्या चपला खूण म्हणून ठेवून पिल्लं निघेपर्यंत अनवाणी फिरले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काका, पक्ष्याले चप्पल कायले?" काका म्हणाले, "तुले दिसावी म्हणून."

आता माझं. सोयरीक होण्यापूर्वी मी त्याच खदानीवर मुनीम होतो. वरची सुपीक माती काठाला रचून ठेवायची, खदान भरताना परत पसरायची, असं ठरलं होतं. ती मी माझ्या शेतात नेऊन टाकली, घमेलंभर दारच्या तुळशीतही, आणि पावसात वाहून गेली म्हणून सांगितलं. पुढे ते घरी आले आणि शेताकडे निघाले, की माझा गुडघा हमखास दुखायचा.

यंदा त्यांना गाळाच्या टोपल्या वाहताना पाहिलं आणि राहवलं नाही. शेताच्या धुऱ्यावर बसून सगळं सांगितलं.

"इवाई, मले तुमच्या तुळशीतच समजलं होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"पोरगी चांगली होती. मातीपायी पोरगी कायले सोडू?"

मला रडू आलं आणि हसूही. त्यांनी तंबाखू पुढे केली. "धानाचे पऱ्हे तुमच्या बांधीत टाकू, रोवणी माझ्या खदानीत करू. रोपं उपटताना मुळं धुऊ नका. माती आपल्या पायानं येते."

रोवणीला बाया कुरकुरल्या, चिखलासकट पेंढ्या जड होतात म्हणून. मी दिवसभर धुऱ्यावर होतो. गुडघ्याची आठवणही झाली नाही. संध्याकाळी व्याह्यांनी नव्या बांधीतला कण चाखला.

"अजून गाळच लागते," म्हणाले. "पण येऊन राहिली."

अशी मूठमूठ माती माझ्या हयातीत सगळी परत जायची नाही. मुलाला सांगून ठेवलं आहे, मुळं धुऊ नकोस.